एका सर्व्हरवर अनेक वेब अ‍ॅप्लिकेशन्स: रिव्हर्स प्रॉक्सीची मांडणी, पायरीपायरीने

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात संगणकाचे काम करणाऱ्याकडे जी कामे येतात ती बहुधा लहान संस्थांची असतात. एखाद्या वाचनालयाला आपली ग्रंथसूची ऑनलाइन हवी असते, मराठी माध्यमाच्या शाळेला हजेरी आणि चाचण्यांचे गुण पालकांना मोबाइलवर दाखवायचे असतात, तर सौहार्द संस्थेला (कर्नाटकातील सहकारी पतसंस्थेला) पिग्मीची, म्हणजे दारोदार जमवल्या जाणाऱ्या छोट्या ठेवींची, रोजची वसुली एजंटच्या हातातील मोबाइलवरून थेट नोंदवून घ्यायची असते. यांपैकी कोणाच्याही अंदाजपत्रकात स्वतंत्र सर्व्हर बसत नाही आणि कामाचा आवाका पाहता त्याची गरजही नसते. दोन गिगाबाइट मेमरीचा एक भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर ही तिन्ही कामे वर्षानुवर्षे सुखाने ओढतो. मात्र त्याची मांडणी पहिल्या दिवशीच नीट झालेली असली पाहिजे.

ही मांडणी एका नियमाभोवती उभी आहे. बाहेरच्या जगाला सर्व्हरचे एकच दार दिसावे आणि आत प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचे बिऱ्हाड स्वतंत्र असावे. जुन्या वाड्यात देवडीवर माणूस बसलेला असे, तसे रिव्हर्स प्रॉक्सीचे काम असते. फरक इतकाच की हा देवडीवरचा माणूस आलेल्याला आत सोडत नाही, तर त्याचा निरोप स्वतः आत नेतो आणि उत्तरही स्वतःच बाहेर आणून देतो. कोणत्या बिऱ्हाडाचा निरोप आहे हे त्याला कळते ते विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींपैकी (हेडरांपैकी) ‘होस्ट’ या हेडरवरून. एचटीटीपी या वेबच्या संवादनियमांच्या १.१ या आवृत्तीने १९९७ मध्ये हे हेडर सक्तीचे केले, त्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदू शकतात. एन्क्रिप्टेड जोडणीत हेच काम एसएनआय नावाची सोय करते: ब्राउझर जोडणी सुरू करतानाच आपल्याला कोणते नाव हवे आहे ते सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचे प्रमाणपत्र पुढे करतो.

या कामासाठी मी एंजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये ते खुले केले. कॅडी हे साधन प्रमाणपत्रे आपोआप मिळवते आणि नवख्याला सोपे जाते हे खरे. परंतु एंजिनएक्स उबंटू या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजांत तयार मिळते आणि त्याच्याविषयीचा कोणताही त्रुटीसंदेश शोधला तरी उत्तर सापडते. एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला याचे मोल फार असते. पुढील विवेचन उबंटू २४.०४ धरून केले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

कागदावरची तयारी

सर्व्हर कार्यालयात ठेवावा की भाड्याने घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक संस्थेचे चालक विचारतात. भाड्याने घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती किंवा कार्यालयीन ब्रॉडबँडवर अनेकदा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि अशा जोडणीवर बाहेरून आलेली विनंती आपल्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. शिवाय पावसाळ्यातील वीजपुरवठ्याचा भरवसा धरता येत नाही. मुंबई किंवा बंगळूर येथील डेटा सेंटर निवडावे. बेळगावपासून दोन्ही शहरे सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे प्रतिसादाच्या वेळेत जाणवेल असा फरक पडत नाही.

त्यानंतर एक वही घ्यावी. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी एक ओळ आखून तीत सबडोमेनचे (मूळ डोमेनच्या आधी जोडलेले) नाव, आतील पोर्ट (यंत्रावर त्या सेवेच्या दाराचा क्रमांक), लिनक्सवरील वापरकर्ता, फोल्डर आणि डेटाबेस लिहावा. माझ्या वहीत ग्रंथसूचीचे अ‍ॅप्लिकेशन जॅंगो या पायथनच्या चौकटीत लिहिलेले, गनिकॉर्न या पायथन सर्व्हरवर चालणारे, पोर्ट ८००१. शाळेचे नोड जेएसमध्ये, पोर्ट ८००२. आणि पिग्मीचे पीएचपीमध्ये, म्हणून पोर्टऐवजी सॉकेट फाइल (यंत्रातल्या प्रक्रिया जिच्यातून एकमेकींशी बोलतात ती), अशा नोंदी आहेत. वर्षभराने चौथे अ‍ॅप्लिकेशन येते, तेव्हा मोकळा पोर्ट कोणता हे या वहीतच एका नजरेत कळते.

प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र सबडोमेन द्यावे. एकाच डोमेनखाली तिरप्या रेघेनंतर ‘ग्रंथ’, ‘शाळा’ असे मार्ग पाडू नयेत. बहुतेक अ‍ॅप्लिकेशन्स आपण डोमेनच्या मुळाशी आहोत असे गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यांना उपमार्गावर बसवले की चित्रे आणि स्टाइलच्या फाइली सापडत नाहीत, आणि एकाच्या कुकी दुसऱ्याच्या हाती पडू शकतात. उद्या एखादी संस्था स्वतःच्या सर्व्हरवर गेली तर सबडोमेनची एक डीएनएस नोंद (नाव कोणत्या आयपी पत्त्यावर जाते ती) बदलली की काम होते.

डीएनएसमध्ये प्रत्येक सबडोमेनसाठी सर्व्हरच्या आयपी पत्त्याची ‘ए’ नोंद करावी. सर्व्हरवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) नीट चालत नसेल तर ‘एएएए’ नोंद ठेवूच नये, कारण लेट्स एन्क्रिप्ट ही संकेतस्थळांना प्रमाणपत्रे देणारी संस्था प्रमाणपत्र देताना ती नोंद दिसल्यास आधी त्याच वाटेने येऊन पाहते.

आधी दारे बंद, मग बिऱ्हाडे

फायरवॉल अ‍ॅप्लिकेशन बसवण्याआधी लावावी. यूएफडब्ल्यू या उबंटूच्या फायरवॉल साधनात प्रथम एसएसएचला (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या वाटेला) परवानगी द्यावी, मग एचटीटीपी आणि एचटीटीपीएसच्या ८० आणि ४४३ या पोर्टना, आणि त्यानंतरच ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ ही आज्ञा द्यावी. हा क्रम चुकला तर आपणच बाहेर राहतो. डेटाबेसचा पोर्ट, अ‍ॅप्लिकेशनचे पोर्ट, यांपैकी काहीही बाहेर उघडू नये.

आता प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी लिनक्सवर वेगळा वापरकर्ता तयार करावा आणि कोड ‘एसआरव्ही’ या मूळ फोल्डरखाली ठेवावा. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये तो ठेवू नये, कारण अलीकडच्या उबंटूत होम फोल्डर इतरांसाठी बंद असते आणि एंजिनएक्सला आतील स्थिर फाइली वाचता येत नाहीत. ४०३ ही त्रुटी दिसते आणि कारण लवकर उमगत नाही. अ‍ॅप्लिकेशन सिस्टमडीची (लिनक्सवरील सेवा चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवावे. सेवेच्या फाइलीत वापरकर्त्याचे नाव, ‘रीस्टार्ट’ची किंमत ‘ऑल्वेज’, आणि ‘मेमरीमॅक्स’ची मर्यादा या तीन गोष्टी न चुकता असाव्यात. मेमरीची मर्यादा घातली नाही तर एका अ‍ॅप्लिकेशनमधील गळतीने सर्व्हरची सगळी मेमरी संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणाला मारायचे ते स्वतः ठरवते; शाळेच्या अ‍ॅप्लिकेशनची चूक आणि बंद पडला तो डेटाबेस, असे तेव्हा घडते. गनिकॉर्नच्या कामगार प्रक्रियांची संख्या कोअरच्या दुप्पट अधिक एक ठेवावी असे त्याच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, पण तिघांत वाटलेल्या दोन गिगाबाइटसाठी प्रत्येकी दोन पुरतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅप्लिकेशन १२७.०.०.१ या पत्त्यावरच ऐकते आहे, ०.०.०.० वर नाही, याची खात्री करावी. पहिला पत्ता यंत्राच्या आतला आहे; दुसऱ्याचा अर्थ ‘प्रत्येक जोडणीवर ऐक’ असा होतो. ‘एसएस’ ही आज्ञा टी, एल, एन, पी या पर्यायांसह दिली की कोणता पोर्ट कोणत्या पत्त्यावर उघडा आहे याची यादी मिळते. ती यादी वहीशी ओळीने ताडून पाहावी.

डॉकर (अ‍ॅप्लिकेशन वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी येथे विशेष थांबावे. डॉकर पोर्ट उघडताना फायरवॉलचे नियम स्वतःच लिहितो आणि यूएफडब्ल्यूला ते दिसत नाही. माझ्याच एका सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा पोर्ट ५४३२ अशा रीतीने आठवडाभर जगाला उघडा होता. यूएफडब्ल्यूची यादी मात्र तो बंद असल्याचे दाखवत होती. मोबाइलच्या डेटावरून सहज तपासले तेव्हा डेटाबेसने उत्तर दिले आणि त्या रात्री मी सगळे पासवर्ड बदलले. उपाय सोपा आहे: पोर्टच्या नोंदीत आधी १२७.०.०.१ लिहावे. फायरवॉलची तपासणी मात्र नेहमी बाहेरच्या जोडणीवरूनच करावी, हे मी त्या दिवसापासून पाळत आलो आहे.

एंजिनएक्सला हात लावण्याआधी सर्व्हरच्या आतूनच ‘कर्ल’ या विनंती पाठवणाऱ्या आज्ञेने पोर्ट ८००१ आणि ८००२ ला विनंती पाठवून उत्तर येते का ते पाहावे. येथेच उत्तर येत नसेल तर दोष प्रॉक्सीचा नाही हे आधीच कळते.

एंजिनएक्सची मांडणी

‘सुडो एपीटी इन्स्टॉल एंजिनएक्स’ या आज्ञेने ते बसते. त्याच्या फोल्डरमध्ये ‘साइट्स-अव्हेलेबल’ आणि ‘साइट्स-एनेबल्ड’ अशी दोन उपफोल्डरे दिसतील. पहिल्यात प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची वेगळी कॉन्फिग फाइल लिहावी आणि दुसऱ्यात तिची सिंबॉलिक लिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) द्यावी. एखादे संकेतस्थळ तात्पुरते बंद करायचे झाले तर लिंक काढून एंजिनएक्स रीलोड केले की झाले. मूळ फाइल जागच्या जागी राहते.

ग्रंथसूचीच्या फाइलीत ‘सर्व्हर’ नावाचा एक ब्लॉक असेल. त्यात ‘लिसन’ ८०, ‘सर्व्हर_नेम’पुढे पूर्ण सबडोमेन, आणि ‘लोकेशन’ ब्लॉकमध्ये ‘प्रॉक्सी_पास’पुढे १२७.०.०.१ चा पोर्ट ८००१. या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊ नये. ती दिली की एंजिनएक्स मूळ मार्गाची मोडतोड करून पुढे पाठवू लागते, आणि सबडोमेनच्या मांडणीत त्याची काहीच गरज नसते.

त्यानंतरची ओळ म्हणजे ‘इन्क्लूड प्रॉक्सी_पॅराम्स’. उबंटू आणि डेबियनच्या पॅकेजमध्ये ही लहानशी फाइल आधीच असते. मूळ होस्टचे नाव, पाहुण्याचा खरा आयपी पत्ता, तो ज्या वाटेने आला तिची साखळी आणि एचटीटीपी की एचटीटीपीएस, ही चार हेडरे ती अ‍ॅप्लिकेशनला पोहोचवते. ती नसेल तर एंजिनएक्स होस्ट म्हणून १२७.०.०.१:८००१ हेच नाव आत सांगते. जॅंगो अनोळखी होस्ट म्हणून ४०० देते आणि लॉगमध्ये प्रत्येक वाचकाचा पत्ता सर्व्हरचाच दिसतो.

येथे एक सापळा आहे आणि जाणकारही त्यात सापडतात. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ या ओळी वरच्या ब्लॉकमधून खालच्या ब्लॉकला वारशाने मिळतात, पण खालच्या ब्लॉकमध्ये अशी एकही ओळ नसेल तरच. समजा, शाळेच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) लागतो म्हणून एका ‘लोकेशन’मध्ये ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही दोन हेडरे घातली. त्याच क्षणी वरून येणारी चारही हेडरे त्या मार्गासाठी नाहीशी होतात. म्हणून ‘इन्क्लूड’ची ओळ प्रत्येक ‘लोकेशन’मध्ये स्वतंत्रपणे लिहावी. वेबसॉकेटसाठी ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन’ १.१ हीसुद्धा जोडीला हवी.

स्थिर फाइली एंजिनएक्सकडूनच थेट द्याव्यात. ‘लोकेशन’च्या मार्गाला आणि ‘अलायस’च्या फोल्डरला, दोन्हींना शेवटी तिरपी रेघ द्यावी. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला आहे अशी मांडणी झाली तर पत्त्यात दोन टिंबे घालून फोल्डरच्या बाहेरच्या फाइली वाचता येतात. ही खरी आणि सर्वज्ञात सुरक्षा-त्रुटी आहे.

पिग्मीच्या पीएचपी अ‍ॅप्लिकेशनला ‘प्रॉक्सी_पास’ लागत नाही. तेथे ‘फास्टसीजीआय_पास’ने पीएचपी-एफपीएमची (पीएचपी चालवणाऱ्या सेवेची) सॉकेट फाइल जोडावी आणि एफपीएमचा पूल वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावा. या अ‍ॅप्लिकेशनबाबत एक मत मांडतो: सामायिक सर्व्हरवर वसुलीची नोंद ठेवावी, संस्थेचे मूळ खातेपुस्तक ठेवू नये.

अनोळखी नावाने आलेली विनंती कोणाकडे जावी हेही ठरवून ठेवले पाहिजे. ठरवले नाही तर ती पहिल्या वाचल्या गेलेल्या फाइलीकडे जाते, म्हणजे नुसता आयपी पत्ता टाइप करणाऱ्याला कोणाचे तरी संकेतस्थळ उघडून मिळते. यासाठी ‘डीफॉल्ट_सर्व्हर’ असा वेगळा ब्लॉक करून पोर्ट ८० वर ‘रिटर्न ४४४’ लिहावे, म्हणजे उत्तर न देता जोडणी तोडली जाते. पोर्ट ४४३ वर ‘एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक’ चालू ठेवावे. पॅकेजबरोबर आलेली ‘डीफॉल्ट’ फाइलीची लिंक काढून टाकावी, अन्यथा दोघांचा झगडा होतो.

प्रत्येक बदलानंतर ‘सुडो एंजिनएक्स’ला टी हा पर्याय देऊन फाइली तपासाव्यात आणि मगच रीलोड करावे. रीस्टार्ट करू नये. रीलोडमध्ये चालू जोडण्या पूर्ण होऊ दिल्या जातात, आणि फाइलीत चूक असेल तर जुनी मांडणी तशीच चालू राहते.

प्रमाणपत्रे

लेट्स एन्क्रिप्ट मोफत प्रमाणपत्रे देते आणि त्यांची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते. सर्टबॉट हे साधन एंजिनएक्सच्या प्लगइनसह बसवून प्रत्येक सबडोमेनसाठी स्वतंत्रपणे चालवावे. तिन्ही नावे एकाच प्रमाणपत्रात कोंबू नयेत, कारण एका संस्थेने डोमेन सोडले की सगळ्यांचे नूतनीकरण अडते. डीएनएस नोंद पोहोचण्याआधी घाईने प्रयत्न करू नयेत. वारंवार अपयशी प्रयत्न केल्यास काही काळ दार बंद होते. नूतनीकरणाचा टायमर पॅकेजच लावते, तरी ‘ड्राय-रन’ पर्यायाने त्याची एकदा चाचणी घ्यावी. मुदत संपत आल्याची सूचना देणारे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे कॅलेंडरमध्ये स्वतःची आठवण ठेवणे भाग आहे.

प्रमाणपत्र दिले गेले की त्यातील नाव सार्वजनिक नोंदवहीत जाते. पिग्मीचे सबडोमेन कोणाला ठाऊकच नाही, या भरवशावर लॉगिन कच्चे ठेवता येणार नाही.

एचटीटीपीएस लागल्यानंतर काही ठिकाणी पान अखंड स्वतःकडेच वळत राहते. एंजिनएक्स आणि अ‍ॅप्लिकेशन यांमधील वाट साध्या एचटीटीपीची असते. अ‍ॅप्लिकेशनला वाटते की वाचक असुरक्षित वाटेने आला, ते त्याला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवते, आणि हे संपत नाही. जॅंगोमध्ये ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’ ही सेटिंग याच कारणासाठी आहे. आवृत्ती ४ पासून ‘सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स’मध्ये पत्ता एचटीटीपीएससह पूर्ण लिहावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या भागातील तीन विशेष बाबी

पहिली बाब मंद जोडणीची. पिग्मी एजंट संध्याकाळी वसुली पाठवतात आणि त्यांतले काही जण जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला, धुवाधार पावसात, मोबाइलच्या एखाद्या दांडीवर असतात. ग्रंथसूचीची सूची अद्ययावत करणारे स्वयंसेवकही अशाच जोडण्यांवरून पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे चढवतात. गनिकॉर्नची साधी कामगार प्रक्रिया एका वेळी एकच विनंती हाताळते. असे दोन मंद वाचक आले की दोन्ही प्रक्रिया त्यांच्यासाठी थांबून राहतात आणि बाकी सगळे ताटकळतात. एंजिनएक्स मात्र संपूर्ण विनंती आधी स्वतःकडे जमा करून घेते आणि मग एका दमात आत देते. उत्तरही झटक्यात घेऊन हळूहळू बाहेर पोहोचवते. हे बफरिंग मुळात चालूच असते, ते बंद करू नये. छायाचित्रांसाठी ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ वाढवावी लागते, कारण मूळ मर्यादा फक्त १ मेगाबाइट आहे आणि मोबाइलचा एक फोटोसुद्धा ती ओलांडतो. अशा वेळी ४१३ ही त्रुटी येते. पंधरा मेगाबाइट पुरेत.

दुसरी बाब देवनागरीतील पत्त्यांची. ‘वाचनालय’ या शब्दात सात संकेतचिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट म्हणजे २१, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून ६३. कन्नडचेही गणित तेच. गनिकॉर्नची विनंतीच्या ओळीची मूळ मर्यादा ४०९४ आहे, म्हणजे मराठीची जेमतेम साडेचारशे चिन्हे. साध्या शोधाला ती पुरते. परंतु लेखक, प्रकाशक, विषय असे निवडीचे रकाने भरून केलेला शोध पत्त्यातूनच पाठवला तर विनंती फेटाळली जाते. ‘लिमिट_रिक्वेस्ट_लाइन’ ८१९० पर्यंत वाढवावी. एंजिनएक्सच्या बफरची मूळ मर्यादा ८ किलोबाइट असते, ती तशीच ठेवली तरी चालते.

तिसरी बाब दोन भाषांची. येथील संस्थांना मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाने ठेवावी लागतात. ब्राउझरच्या भाषेवरून किंवा कुकीवरून पानाची भाषा ठरत असेल आणि वेगासाठी एंजिनएक्समध्ये कॅश (तयार पानांची साठवण) चालू केली असेल, तर अ‍ॅप्लिकेशनने ‘व्हॅरी’ हेडर पाठवले नाही की पहिल्या वाचकाची भाषा सर्वांच्या माथी बसते. भाषा पत्त्यातच ठेवावी, मराठीचा मार्ग वेगळा आणि कन्नडचा वेगळा; मग कॅशच्या नोंदीही आपोआप वेगळ्या होतात.

लॉग आणि बिघाडाचा शोध

प्रत्येक ‘सर्व्हर’ ब्लॉकमध्ये ‘अ‍ॅक्सेस_लॉग’ आणि ‘एरर_लॉग’ यांच्या स्वतंत्र फाइली द्याव्यात. उबंटूची मूळ व्यवस्था १४ दिवसांनंतरचे लॉग पुसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले आहे, म्हणून ‘लॉगरोटेट’च्या फाइलीतील १४ हा आकडा १८० करावा.

५०२ दिसले तर एंजिनएक्स ठीक आहे आणि आतले अ‍ॅप्लिकेशन उत्तर देत नाही, असे समजावे. एरर लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर सेवा बंद आहे किंवा पोर्टचा आकडा चुकला आहे. ‘जर्नलसीटीएल’ने त्या सेवेचा लॉग पाहावा. ५०४ दिसले तर अ‍ॅप्लिकेशन जिवंत आहे पण ६० सेकंदांत उत्तर देऊ शकले नाही. अशा वेळी मुदत वाढवण्याचा मोह होतो. त्याआधी डेटाबेसमधील मंद क्वेरी शोधावी. शाळेची वार्षिक गुणपत्रके एका दमात तयार करण्यासारखे काम मुळात विनंतीच्या आत करूच नये, ते पार्श्वभूमीत सोपवावे.

बॅकअप प्रत्येक डेटाबेसचा स्वतंत्र घ्यावा, रोज रात्री, आणि त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवावी. एंजिनएक्सच्या कॉन्फिग फाइली आणि सिस्टमडीच्या सेवा गिट या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवाव्यात. महिन्यातून एकदा एका संस्थेचा बॅकअप रिकाम्या यंत्रावर प्रत्यक्ष उभा करून पाहावा.

सगळे उभे राहिल्यावर, संस्थांना कळवण्याआधी, सर्व्हर एकदा संपूर्ण रीबूट करावा. हाताने सुरू केलेली आणि ‘एनेबल’ करायची राहून गेलेली सेवा तेव्हाच उघडी पडते. नंतर कार्यालयाचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून तिन्ही सबडोमेन उघडावीत, नुसता आयपी पत्ता टाइप करून जोडणी तुटते का ते पाहावे, पोर्ट ८००१, ८००२ आणि ५४३२ बाहेरून बंद आहेत याची खात्री करावी, आणि वहीतील तिन्ही ओळींपुढे तारीख घालावी.